अमेरिकन फुटबॉलमध्ये सेंटर म्हणून कारकीर्द: स्नॅपपासून करारापर्यंत

प्रश्न टेक्सासमधल्या एका मराठी पालकांचा आहे. मुलगा दहावीत, उंची सहा फूट दोन इंच, वजन २६५ पाउंड. शाळेच्या संघात गार्ड खेळायचा, या हंगामात कोचने त्याला सेंटरला आणलंय. सेंटर म्हणजे ऑफेन्सच्या पाच जणांच्या पुढच्या रांगेतला, म्हणजे लाइनमधला, मधला गडी; त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, कडेला टॅकल. पायांमधून चेंडू मागे क्वार्टरबॅकला, म्हणजे डाव चालवणाऱ्याला, देणं हा स्नॅप. पालकांची शंका अशी: चेंडू मागे देण्याचं काम कुणाच्या नजरेत भरणार? कॉलेज किंवा एनएफएलच्या (अमेरिकेतली व्यावसायिक लीग) दृष्टीने यात त्याचं नुकसान तर होत नाही ना?

नुकसान नाही. या उंचीच्या मुलाला उलट इथेच जास्त वाव आहे. टॅकल म्हणून वरच्या पातळीवर टिकायचं तर साडेसहा फुटांच्या आसपास उंची आणि लांब हात लागतात, कारण त्याला कडेने धावत येणाऱ्या माणसाला लांबूनच अडवायचं असतं. सेंटरची बहुतेक झटापट हातभर जागेत होते. सहा फूट दोन ते चार इंच आणि ३०० ते ३१० पाउंड ही आजच्या एनएफएल सेंटरची सर्वसाधारण चण. फिलाडेल्फिया ईगल्सचा जेसन केल्सी तर ३०० पाउंडांच्या आतच राहिला आणि तरी सहा वेळा ऑल-प्रोच्या, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या, पहिल्या संघात निवडला गेला. बुटकेपणाचा इथे थोडा फायदाच होतो: ज्याचे खांदे खाली, त्याचा जोर वर. म्हणून शाळेत कुस्ती केलेली मुलं इथे चमकतात. बाल्टिमोर रेव्हन्सने २०२२ मध्ये ड्राफ्टच्या (कॉलेजच्या खेळाडूंची संघवार निवड) पहिल्या फेरीत घेतलेल्या टायलर लिंडरबॉमने आयोवात शाळेत असताना ट्रिस्टन विर्फ्सला कुस्तीत हरवलं होतं, आणि विर्फ्स आज लीगमधल्या सगळ्यात चांगल्या टॅकलपैकी एक आहे.

मात्र आधी स्नॅप पक्का व्हायला हवा. हे काम किरकोळ वाटतं, पण संघाचा प्रत्येक डाव तिथूनच सुरू होतो आणि तिथेच मोडूही शकतो.

२ फेब्रुवारी २०१४ च्या सुपर बोलचा, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्याचा, पहिलाच डाव आठवा. डेन्व्हर ब्राँकोसचा क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग लाइनला काही सांगायला पुढे सरकत होता. गोंगाटात सेंटर मॅनी रामिरेझला वाटलं, इशारा झाला. चेंडू मॅनिंगच्या बाजूने सुसाट मागे, थेट स्वतःच्या टोकाच्या पट्ट्यात, एंड झोनमध्ये. चेंडू तिथेच अडकल्याने बाराव्या सेकंदाला सिअ‍ॅटलच्या नावावर सेफ्टीचे दोन गुण लागले. सामना डेन्व्हरने ४३-८ ने गमावला. रामिरेझच्या हाताची चूक काहीच नव्हती. इशाऱ्याची गल्लत झाली, एवढंच.

आता हाताची गोष्ट. क्वार्टरबॅक पाच यार्ड मागे उभा असतो त्या शॉटगन रचनेतला स्नॅप सगळ्यात जास्त वापरला जातो, आणि शाळेत मुलं बिघडतात तीही तिथेच. पाय खांद्यांपेक्षा थोडे रुंद, टाचा जवळजवळ टेकलेल्या, एक पाऊल दुसऱ्यापेक्षा मागे असलं तरी किंचितच. वजन पायांवर. चेंडूवर वजन टाकून बसायचं नाही. ही पहिली चूक इतकी सर्रास दिसते की कोचने मध्येच येऊन चेंडू काढून घ्यावा आणि मुलगा तोंडावर पडतो का ते पाहावं. पडला तर स्टान्स चुकलाय. चेंडू डोळ्यांच्या रेषेत किंवा थोडा पुढे. हात जितका पुढे लांबवाल तितकं डिफेन्सचं अंतर वाढतं, पण फार लांबवलात तर कंबर वर येते आणि पहिलं पाऊल मंद पडतं.

पकडीचे दोन प्रकार. एकात चेंडू फिरकी घेत जातो, दुसऱ्यात तो न फिरता तरंगत जातो; या दुसऱ्याला डेड स्नॅप म्हणतात. नव्या मुलाला मी डेड स्नॅपच शिकवेन. चेंडूचं पुढचं टोक बोटांत, अंगठा वर, मनगट ताठ, हात लंबकासारखा मांडीखालून मागे. मनगट झटकायचं नाही. फिरकीचा स्नॅप वेगवान असतो, पण मनगट जरा वळलं की दोन फूट बाजूला जातो. डेड स्नॅप चुकला तरी थोडक्यात चुकतो आणि क्वार्टरबॅकला पकडायला मऊ येतो. नेम नाभीपासून छातीपर्यंत.

चुका ओळखायच्या त्या चेंडू कुठे गेला त्यावरून. उंच गेला, तर बहुतेक वेळा हात सुटायच्या आधी कंबर वर आली आहे किंवा चेंडू उशिरा सुटलाय. खाली गेला, तर खांदा दबलाय नाहीतर हात पूर्ण मागे गेलेला नाही. डावी-उजवीकडे गेला, तर पाऊल टाकताना मांडी वाटेत आली. नोज टॅकल म्हणजे डिफेन्सचा जो गडी सेंटरच्या अगदी नाकासमोर बसतो, तो समोर आला की ह्या सगळ्या चुका एकदम वर येतात, कारण मुलगा स्नॅप पूर्ण होण्याआधीच मारामारीच्या तयारीला लागतो. म्हणून मोकळ्या मैदानात शंभर बिनचूक स्नॅप मारले म्हणजे काम झालं असं समजू नये. रोज पन्नास-साठ पुरे, पण त्यातले निम्मे समोर ढाल धरलेला माणूस उभा करून आणि पहिलं पाऊल टाकत. पाच यार्डांवर जाळीला दोन फुटांचा चौकोन बांधा. क्वार्टरबॅक नसला तरी सराव थांबत नाही.

क्वार्टरबॅक पाठीला चिकटून उभा असतो तो स्नॅप वेगळा. तिथे चेंडू पाव वळसा घेऊन त्याच्या वरच्या तळहातावर आदळला पाहिजे, म्हणजे शिवण आपोआप त्याच्या बोटांखाली येते. चेंडू सांडला की दोष सेंटरला मिळतो, पण बऱ्याचदा क्वार्टरबॅकचे हात लवकर निघालेले असतात. सेंटर पुढे झेपावतो तेव्हा त्याचे हात क्षणभर सोबत गेले पाहिजेत. टेक्सासच्या ऑगस्टमध्ये तिसरा गुन्हेगार घाम. तो पाठीवरून ओघळून चेंडूवर आणि क्वार्टरबॅकच्या हातांवर येतो. कमरेला मागच्या बाजूला टॉवेल खोचा आणि आठवड्यातून एकदा चेंडू पाण्याच्या बादलीत बुडवून सराव करा.

नियमाच्या बाजूने एवढंच: स्नॅप एका सलग हालचालीत व्हायला हवा. चेंडू उचलून पाहणं, हिसका देऊन थांबणं, मान झटकून समोरच्याला फसवणं, यातलं काहीही पंचांच्या नजरेला आलं की पाच यार्ड मागे.

पंटसाठी, म्हणजे चेंडू लाथेने लांब धाडण्यासाठी, चौदा-पंधरा यार्ड आणि फील्ड गोलच्या किकसाठी सात-आठ यार्ड मागे चेंडू देणारा लाँग स्नॅपर हा व्यावसायिक पातळीवर वेगळाच खेळाडू असतो. शाळेत मात्र बऱ्याचदा सेंटरच्याच गळ्यात ते पडतं. शिकून घ्यायला हरकत नाही.

हात बसले की डोळ्यांचं काम. सेंटर हा लाइनमधला एकटाच माणूस ज्याला डावीकडचं आणि उजवीकडचं सारखंच दिसतं, म्हणून लाइनची भाषा तो बोलतो. क्रम साधारण असा. एका डावानंतर पुढच्यासाठी ४० सेकंद मिळतात; डाव ठरून लाइनपाशी पोहोचेपर्यंत त्यातले निम्मे गेलेले असतात. पोहोचताच आधी मागे पाहायचं: सेफ्टी (डिफेन्सचे सगळ्यात मागचे गडी) एक आहे की दोन? एकच मागे असेल तर दुसरा पुढे उतरलाय, म्हणजे समोर माणसं जास्त. मग डिफेन्सचे चार लाइनमन कुठल्या फटीसमोर बसलेत ते. मग बोट दाखवून ओरडायचं, "५४ माइक!" ५४ हा जर्सीवरचा आकडा; माइक म्हणजे लाइनमनमागे उभ्या लाइनबॅकरांपैकी ज्याच्यापासून आपण मोजणी सुरू करतो तो. तो खरोखर मधला लाइनबॅकर असेलच असं नाही. पाच ब्लॉकर, समोर चार लाइनमन अधिक माइक; हे पाच आमचे. त्यापलीकडे कुणी धावून आला तर तो रनिंग बॅकचा, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्या गड्याचा, नाहीतर क्वार्टरबॅकने चेंडू झटकन फेकून सोडवायचा. माइक चुकीचा दाखवला की पाचही जण शिस्तीत चुकीच्या माणसावर जातात आणि क्वार्टरबॅकच्या अंगावर एक जण मोकळा येतो. टीव्हीवर तेव्हा गार्ड चुकल्यासारखा दिसतो.

डिफेन्सला हे पक्कं माहीत असतं. म्हणून आजकाल दोन लाइनबॅकर सेंटरच्या दोन्ही बाजूंच्या फटींत नाक खुपसून उभे राहतात आणि शेवटच्या क्षणी एक येतो, एक मागे फिरतो, कधी दोघेही फिरतात आणि कडेचा येतो. ह्याला उत्तर म्हणजे फटींचं रक्षण: लाइनचा अर्धा भाग एका दिशेने एकेक फट सांभाळत सरकतो, उरलेला अर्धा आपापला माणूस धरतो. सेंटर सरकणाऱ्या बाजूला असतो आणि त्याच्या फटीत कुणीच आलं नाही तर शेजारच्या गार्डच्या माणसाच्या बरगडीत घुसतो. रिकामा उभा राहिलेला सेंटर दिसला की समजावं, फिल्म नीट पाहिलेली नाही.

परक्या मैदानावर गोंगाटात हे ऐकू जात नाही. तिथे मूक मोजणी. क्वार्टरबॅक पाय उचलतो, त्याच्याकडे पाहणारा गार्ड सेंटरच्या मांडीवर थाप मारतो, सेंटर मान वर करतो आणि ठरलेल्या ठोक्याला चेंडू सोडतो. ठोका प्रत्येक वेळी सारखाच ठेवला तर दुसऱ्या क्वार्टरपर्यंत डिफेन्सचे कडेचे गडी तो पाठ करतात आणि तुमच्या टॅकलच्या आधी निघतात. दर चार-पाच डावांनी ठोका बदला.

धावीच्या डावांत सेंटरची खरी अडचण अशी की स्नॅप करणारा हात समोरच्याच्या छातीवर उशिरा पोहोचतो. मोकळ्या हाताने पहिला धक्का, सहा इंचांचं पहिलं पाऊल, मग दुसरा हात. गार्डबरोबर जोडीने नोज टॅकलला हलवताना कमरेला कंबर लागलेली हवी आणि डोळे मागच्या लाइनबॅकरवर. तो ज्या बाजूने येईल त्या बाजूच्याने सुटून त्याला घ्यायचं. फार लवकर सुटलं तर नोज टॅकल मोकळा होतो, फार उशिरा सुटलं तर लाइनबॅकर. कधी सुटायचं हा अंदाज यायला बहुतेकांना दोन हंगाम लागतात, त्यावर सोपा उपाय मला तरी माहीत नाही.

आता करिअर. शाळा संपल्यापासून तीन वर्षं झाल्याशिवाय एनएफएलच्या ड्राफ्टला पात्र होता येत नाही, त्यामुळे कॉलेज टाळता येत नाही. कॉलेज संघ शाळेतल्या 'सेंटर'ला सेंटर म्हणून फारसे शोधत नाहीत. ते चांगले पाय असलेला लाइनमन शोधतात आणि जागा नंतर ठरवतात. लिंडरबॉम आयोवा विद्यापीठात आला तेव्हा डिफेन्समध्ये होता. तिथेच सेंटर झाला आणि २०२१ मध्ये कॉलेजच्या सर्वोत्तम सेंटरची रिमिंग्टन ट्रॉफी घेऊन बाहेर पडला. केल्सी स्कॉलरशिपशिवाय सिनसिनाटीला गेला, लाइनमन नव्हताच. उलटही होतं: २०२० ची रिमिंग्टन ट्रॉफी जिंकलेला अलाबामाचा लँडन डिकरसन ईगल्समध्ये गार्ड झाला, कारण सेंटरला केल्सी होता.

ड्राफ्टमध्ये सेंटर क्वचितच पहिल्या फेरीत जातो. फ्रँक रॅग्नो २०१८ मध्ये विसावा, लिंडरबॉम पंचविसावा, एवढ्यावरही लोकांच्या भुवया उंचावल्या. कॅन्सस सिटीचा क्रीड हम्फ्री, हा डावखुरा स्नॅप करतो, २०२१ मध्ये ६३ वा गेला. केल्सी २०११ मध्ये १९१ वा. जेफ सॅटर्डेला १९९८ मध्ये कुणीच निवडलं नाही. बाल्टिमोरने करार करून सोडून दिलं, काही काळ इलेक्ट्रिकल सामानाच्या दुकानात काम केलं, मग १९९९ मध्ये इंडियानापोलिसला आला आणि तेव्हा तिथे असलेल्या मॅनिंगसमोर दहाहून अधिक वर्षं चेंडू दिला. उशिरा निवडले गेलेले इतके जण टिकतात, कारण इंडियानापोलिसच्या कंबाइनमध्ये (ड्राफ्टआधीची चाचणी) धावणं, उडी आणि २२५ पाउंडांचा बेंच मोजता येतो. समोरच्या रचनेवर पाच सेकंदांत योग्य कॉल देणं तिथे मोजलं जात नाही. संघ ते मुलाखतीत फळ्यावर डाव काढायला लावून तपासतात.

संघात शिरायची खरी फट वेगळीच आहे. ५३ जणांच्या संघातले सामन्याच्या दिवशी साधारणपणे ४७ खेळायला सज्ज ठेवता येतात. त्यात किमान आठ ऑफेन्सिव्ह लाइनमन असतील तर ४८. म्हणजे पाच खेळणारे आणि तीन राखीव. त्या तिघांपैकी एकाला स्नॅप आलाच पाहिजे, आणि तोच दोन्ही गार्डच्या जागाही भरणार. निव्वळ गार्ड असलेला राखीव खेळाडू आणि गार्ड-सेंटर दोन्ही करणारा, यात कोच निवडताना एक मिनिटही घालवत नाही. मोबाइल, अलाबामाच्या सीनियर बोलमध्ये (ड्राफ्टआधीचा कॉलेज खेळाडूंचा सामना) कॉलेजच्या गार्डांना मुद्दाम सेंटरला उभं करतात ते यासाठीच. तुमच्या मुलाला कोचने हलवलं, त्याचा दीर्घ फायदा हा. गार्डचा सराव मात्र सोडू देऊ नका.

पैसा. २०२५ मध्ये नव्या खेळाडूचं किमान वार्षिक वेतन ८,४०,००० डॉलर होतं, प्रॅक्टिस स्क्वॉडवरच्या (५३ बाहेरचे सरावाचे खेळाडू) नवोदिताला आठवड्याला १३,००० डॉलर. आकडा मोठा दिसतो, पण करार खात्रीचा नसतो. ऑगस्टअखेर नव्वदचे ५३ होतात तेव्हा गेलेल्याला पुढचे पैसे नाहीत. ड्राफ्टमधल्या खेळाडूचा पहिला करार चार वर्षांचा, चार हंगाम मोजले गेले की मुक्त बाजार. वरच्या टोकाला हम्फ्रीने ऑगस्ट २०२४ मध्ये चार वर्षांचे ७ कोटी २० लाख डॉलर घेतले, वर्षाला १ कोटी ८० लाख. त्या वेळी सेंटरसाठी तो विक्रम होता. त्याच महिन्यात विर्फ्सला टॅकल म्हणून वर्षाला २ कोटी ८० लाखांहून अधिक मिळाले. हा फरक राहणारच.

यात एक पेच आहे, एजंट निवडताना त्याबद्दल विचारावं. पहिल्या फेरीतल्या खेळाडूचं पाचवं वर्ष संघ ठरलेल्या रकमेला घेऊ शकतो, पण ती रक्कम ठरवताना सगळे ऑफेन्सिव्ह लाइनमन एकाच गटात धरतात आणि टॅकलांचे पगार ती वर नेतात. २०२५ मध्ये रेव्हन्सनी लिंडरबॉमचं पाचवं वर्ष नाकारलं ते याच हिशेबाने. रक्कम २ कोटी ३४ लाखांच्या घरात जात होती. फ्रँचाइझ टॅगलाही (करार संपलेल्या खेळाडूला ठरलेल्या पगारावर एक वर्ष रोखणं) तोच गट लागू, म्हणून सेंटरला टॅग लावून अडकवून ठेवणं संघांना परवडत नाही आणि चांगला सेंटर बाजारात लवकर मोकळा होतो. सेंटरच्या पथ्यावर पडलेला हा एकच नियम म्हणायला हवा.

शरीराची किंमत लपवण्यात अर्थ नाही. केल्सीने २०१२ मध्ये गुडघ्याचं लिगामेंट फाटल्यावर परत येऊन, पुढे २०१४ पासून सलग १५६ सामने सुरुवातीपासून खेळले आणि मार्च २०२४ मध्ये तेरा हंगामांनंतर थांबला. हा अपवाद आहे. रॅग्नो घशाला फ्रॅक्चर होऊनही खेळला, पायाच्या अंगठ्याच्या दुखण्याने झिजला आणि जून २०२५ मध्ये २९ व्या वर्षी निवृत्त झाला. रेडर्सचा जिम ऑटो १९६० ते १९७४ सलग २१० सामने खेळला. २००७ मध्ये त्याचा उजवा पाय कापावा लागला. आणि पिट्सबर्गचा माइक वेबस्टर: चार सुपर बोल, सतरा हंगाम, २००२ मध्ये पन्नाशीत मृत्यू. शवविच्छेदनात डॉ. बेनेट ओमालू यांना त्याच्या मेंदूत सीटीई, म्हणजे वारंवारच्या आघातांनी होणारा मेंदूचा आजार, सापडला. एनएफएल खेळाडूत झालेलं हे पहिलं निदान. सेंटरला दर डावाला डोक्याशी डोकं लागतं, आणि धोका एखाद्या मोठ्या आघातापुरता नसतो, हजारो छोट्या आघातांचा असतो. २०२२ पासून एनएफएलने लाइनमनना ट्रेनिंग कॅम्पच्या सरावात हेल्मेटवर मऊ गार्डियन कॅप सक्तीची केली. शाळेत ती नसेल तर आग्रह धरा, आणि आठवड्यात पूर्ण धडकेचे सराव किती होतात ते कोचला थेट विचारा.

वजनाबाबत घाई नको. २६५ वरून कॉलेजला जाईपर्यंत २८५ पुरतं. तीस-चाळीस पाउंड एका वर्षात चढवलेल्या मुलाची पावलं मंदावतात, आणि सेंटरचा पगार पावलांचा असतो.

कॉलेजच्या कोचना पाठवायच्या फिल्ममध्ये पंधरा-वीस डाव पुरे. मागून घेतलेला कॅमेरा हवा, कारण बाजूच्या कॅमेऱ्यात स्नॅपचा नेम दिसत नाही. त्यातले पाच-सहा डाव नोज टॅकल समोर असतानाचे, निदान दोन ब्लिट्झ (जादा माणसं धाडून केलेला हल्ला) ओळखून दिशा बदललेले. प्रत्येक डाव शिट्टीपर्यंत राहू द्या. धडक होताच कापलेली क्लिप पाहून कोच पुढे जातात.

आणि अभ्यास: डिव्हिजन वनसाठी, म्हणजे कॉलेज खेळाच्या सगळ्यात वरच्या पातळीसाठी, शाळेत सोळा कोअर कोर्स (मुख्य विषय) आणि त्यांत किमान २.३ जीपीए लागतो. सोळापैकी दहा बारावी सुरू व्हायच्या आत पूर्ण झालेले असावे लागतात. मुलगा दहावीत आहे, तेव्हा या आठवड्यात शाळेच्या समुपदेशकाकडून त्याची यादी तपासून घ्या.